दुसरं महायुद्ध वाचायला घेताय? आधी नकाशा उघडा

सगळ्या लढाया एकदम वाचू नका, नुसती सनावळी होईल. सोव्हिएत रशियातल्या स्टालिनग्राड शहराच्या लढाईपासून सुरुवात करा. १९४२च्या जर्मन मोहिमेचं मूळ कॉकेशसच्या तेलात आहे, हे आधी डोक्यात बसवा. मग नकाशावर शहराच्या दोन्ही बगला बघा. तिथे जर्मनांच्या बाजूने लढणारं रुमानियन सैन्य होतं आणि त्यांच्याकडे रणगाडाविरोधी तोफा अपुऱ्या होत्या. १९ नोव्हेंबरपासून सोव्हिएत फौजांनी नेमका तिथेच घाव घातला. चार-पाच दिवसांत जर्मन सहावी आर्मी वेढ्यात सापडली. माझ्या मते खरी कलाटणी हीच. घरोघरच्या झुंजीने जर्मनांना शहरात गुंतवून ठेवलं, हेही तितकंच खरं. मिडवे, म्हणजे पॅसिफिकमधली अमेरिका-जपानची नाविक लढाई, नंतर वाचलंत तरी चालेल. आपल्या नागालँडमधल्या कोहिमाची लढाई मात्र अजिबात सोडू नका. १९४४ साली तिथल्या एका टेनिस कोर्टाच्या दोन टोकांना ब्रिटिश-भारतीय आणि जपानी सैन्यं समोरासमोर लढत होती.