आधी शेड बघ, मग फॉर्म भर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा दांडिया बाजारात तुझी आई भेटली. तू बडोदा जिल्ह्यातल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकची यादी केलीस, त्या यादीचे फोटो तिने दाखवले. फी, अंतर, इमारत, सगळं नीट लिहिलंस. एकच गोष्ट खटकली. तू नंबर कॉलेजांना दिलेस. ते ट्रेडला, म्हणजे तू शिकणार त्या कामाला दे. एकाच आवारात वेल्डिंगच्या शेडमध्ये सकाळपासून ठिणग्या उडत असतात आणि शेजारच्या शेडला कुलूप असतं. आयटीआयची केंद्रीय मान्यतासुद्धा (एनसीव्हीटीची म्हणतात ती) संस्थेला सरसकट मिळत नाही, ट्रेडनिहाय आणि तुकडीनिहाय मिळते. तेव्हा तरसालीचं आयटीआय बरं की गोरव्याचं, असं विचारू नकोस. तुला हव्या त्या ट्रेडला मान्यता आहे का आणि शिकवायला माणूस आहे का, ते विचार.

हे मी पोळलोय म्हणून सांगतो. मी शिकलो तिथे ताडपत्रीखाली चार लेथ, म्हणजे धातू फिरवून कापायची मशिनं, होते. ताडपत्री निघायची फक्त तपासणीच्या दिवशी. एकदा चकात, म्हणजे जॉब पकडणाऱ्या भागात, किल्ली घालून बघितली, तर जबडे गंजून बसलेले. पुढे मकरपुऱ्याच्या कारखान्यात नोकरीच्या पहिल्या दिवशी फोरमनने हातात शाफ्ट दिला आणि मी तो धरून नुसता उभा राहिलो. दोन वर्षं शिकून आलेला मुलगा!

म्हणून शेडमध्ये जाशील तेव्हा लेथखालचा ट्रे बघ. धातूचा ताजा कीस पडलेला असेल, कूलंटचा वास येत असेल, तर मशीन चालतंय. फिटरच्या मुलाकडून त्याचा जॉब, म्हणजे त्याने घडवलेला तुकडा, मागून घे. कानशीने घासलेल्या कडेवर गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून उजेडाकडे धर. फट दिसली तरी हरकत नाही, सुरुवातीला सगळ्यांचीच दिसते. पण सरांनी हा तुकडा किती वेळा परत दिला, ते त्याला विचार. ‘तीनदा’ म्हणाला तर ते शेड तुझ्या यादीत वर घे.

आयटीआय म्हणजे रस्ता संपला, असं तुझ्या मामांचं मत आहे म्हणे. दहावीनंतर फिटर किंवा इलेक्ट्रिशियनसारखा दोन वर्षांचा ट्रेड पास केलास, तर सीटूडीतून (सर्टिफिकेट टू डिप्लोमा) मेरिटवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तिथून डीटूडीने (डिप्लोमा टू डिग्री) डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. थेट डिप्लोमा तीन वर्षांचा, या वाटेने चार लागतात. त्या जास्तीच्या वर्षात हात तयार होतो, आणि मला ते महाग वाटत नाही. वेल्डरचा ट्रेड मात्र एकाच वर्षाचा, त्याला ही वाट धरू नकोस. आणि हाताच्या कामात कमीपणा वाटत असेल, तर मामांना बडोद्याच्या कलाभवनाची आठवण करून दे. सयाजीरावांनी १८९० साली ते हीच विद्या शिकवायला काढलं. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी.

अंतराचा रकाना ठेव. दोन बस बदलून आलेलं पोर दुपारच्या प्रॅक्टिकलला पेंगतं.

अप्रेंटिसशिपला कुठल्या कंपन्या मुलं घेतात, हे ऑफिसात विचारू नकोस. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाची मुलं उभी असतात, त्यांना विचार.

सोमवारी मी गोरव्याला जाणार आहे. यायचं असेल तर सकाळी नऊला घरी ये. वही आण, आणि पायात बंद बूट घाल.

तुझा,
काका