सीपॅप घेताय? आधी मास्क बघा

दादा, सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. ते घ्यायला घाबरू नका, सवय होते. पण मशीनच्या मॉडेलपेक्षा मास्कवर जास्त वेळ घालवा. मशीन चालू ठेवून, आडवं होऊन, कुशीवर वळून बघा. माझा पहिला मास्क नाकापाशी गळायचा, रात्रभर डोळ्यांत वारा. मी पट्टे आवळत गेलो आणि सकाळी गालांवर वळ. चूक मापाची होती.

स्लीप स्टडीचा (झोपेतल्या श्वासाच्या तपासणीचा) रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातात नसेल तर पैसे देऊ नका. विक्रेत्याला विचारा:

- महिनाभर भाड्याने देता का?
- मास्क बसला नाही तर बदलून मिळेल?
- फिल्टर, नळी इथेच मिळते ना?

ह्युमिडिफायरमध्ये (हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीत) डिस्टिल्ड वॉटरच घाला. बाकी सेटिंगला सध्या हात लावू नका. दुपारी टीव्ही बघताना अर्धा तास लावून बसा, रात्री सोपं जाईल.