शेजारचे विकसनशील देश एकमेकांचं भंगार का विकत घेतात? हेही डंपिंगच नाही का? आणि त्याला परवानगी लागते का?

तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न विचारलेत. नेपाळ, भूतानसारखे देश आपलं भंगार शेजारी का पाठवतात, स्वतः रिसायकल का करत नाहीत, हे पहिलं. श्रीमंत देश गरीब देशांवर कचरा ढकलतात त्यातलाच हा प्रकार नाही का, हे दुसरं. आणि साधं पीईटी, म्हणजे पाण्या-सरबताच्या बाटल्यांचं प्लास्टिक, सीमेपलीकडे पाठवायला परवानगी लागते का, हे तिसरं. मी स्क्रॅपच्या आयात-निर्यातीची कागदपत्रं बघतो, म्हणजे माल कमी आणि फाइली जास्त बघतो असं म्हणा, तरी जमेल तेवढं सांगतो.

पहिल्याचं उत्तर सोपंय. पेपर मिल, लोखंडाची भट्टी किंवा प्लास्टिकची वॉशिंग लाइन ही रोज पोटभर माल मिळाला तरच परवडते. छोट्या देशात गोळा होणारी सगळी रद्दी एकत्र केली तरी कधीकधी एका मोठ्या मिलचं पोट भरत नाही, आणि वर वीज, केमिकल, मशीनचे पार्ट सगळं बाहेरून आणायचं, मग मिल काढणार कोण. त्यात देशाला समुद्र नसेल तर लांबचं गिऱ्हाईक विसराच. उरतो तो शेजारी. आणि वाहतुकीचं गणितही शेजाऱ्याच्याच बाजूनं असतं, कारण भारतातून नेपाळला ट्रक स्टील, तांदूळ, काय काय भरून जातात आणि परत येताना बरेच रिकामे येतात, नेपाळची आयात निर्यातीच्या कितीतरी पट आहे ना. रिकामा येण्यापेक्षा मिळेल त्या भाड्यात रद्दीचे गठ्ठे भरून आणलेले काय वाईट. भंगाराचा अख्खा धंदा या परतीच्या भाड्यावर जगतो, हे बाहेरच्या लोकांच्या लक्षातच येत नाही. चीनकडे इतकी वर्षं जगभरचं प्लास्टिक गेलं त्यामागेही हेच होतं, वस्तू भरून युरोप-अमेरिकेला गेलेले कंटेनर परत तर न्यायचेच होते.

आता डंपिंगचं. चीननं जुलै २०१७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेला कळवलं आणि १ जानेवारी २०१८ पासून २४ प्रकारच्या कचऱ्याची आयात बंद केली, बाकीच्या बऱ्याच मालाला भेसळीची मर्यादा ०.५ टक्का इतकी कडक लावली. लगेच तोच माल मलेशिया, व्हिएतनाम, थायलंडकडे वळला, मग त्यांनीही एकेक करून दारं लावायला सुरुवात केली, थायलंडनं तर १ जानेवारी २०२५ पासून प्लास्टिक कचऱ्याची आयातच बंद केली. त्या व्यापारात पाठवणाऱ्याला घरच्या घरी विल्हेवाट लावणं महाग पडत होतं म्हणून माल निघत होता. शेजारी-शेजारी जो माल जातो तो बहुतेक वेळा कुणीतरी हातानं वेचून, वेगळा करून, किलोवर विकलेला असतो. ज्याला भाव नाही तो आधीच मागे राहिलेला असतो, तिकडच्याच डंपिंग ग्राउंडवर. म्हणून मी या दोन्हींना एकाच तागडीत तोलत नाही.

कापडाचं उदाहरण बघा. बांगलादेशातल्या गारमेंट फॅक्टऱ्यांमधून जी कात्रणं निघतात, तिकडे झुट म्हणतात त्याला, ती रंगाप्रमाणे वेगळी करून भारतात येतात, फाडून त्यांचा पुन्हा धागा होतो आणि रंग आधीचाच असल्यामुळे डाईंगचा खर्च अन् पाणी वाचतं. बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकतच नाही, सगळा बाहेरून येतो, म्हणजे कापूस विकत घेणारा देश कापसाची कात्रणं विकतो, आणि त्यातही तिकडे आता सूत काढणाऱ्या गिरण्या उभ्या राहतायत तर झुट बाहेर जाऊ द्यायचं की नाही यावर वाद आहेच. शेजार म्हटलं की राजकारण पण आलंच. मे २०२५ मध्ये भारतानं बांगलादेशी मालावर भूमार्गाची बंधनं घातली, त्या यादीत कापूस आणि सुताचं वेस्टही होतं, आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोरामची कस्टम ठाणी आणि पश्चिम बंगालमधली चांगराबांधा, फुलबारी ही ठाणी त्याला बंद झाली. कात्रणांनी काय घोडं मारलं होतं कुणास ठाऊक.

म्हणजे सगळं गोडगोड आहे असं अजिबात नाही. माझ्या मते खरी गडबड गठ्ठ्यात आलेल्या पण कामाला न येणाऱ्या भागात असते. पीईटी बाटल्यांचा एक गठ्ठा फोडून बघा. बाटल्या असतात, झाकणं असतात, लेबलं, तळाला उरलेलं सरबत, माती, आणि एखाददुसरी पीव्हीसीची बाटली नाहीतर पीव्हीसीचं स्लीव्ह, म्हणजे बाटलीवर घट्ट चढवलेलं आवरण. झाकण पॉलीप्रॉपिलीनचं किंवा पॉलीइथिलीनचं, ते पाण्यावर तरंगतं, काढता येतं. पण पीव्हीसी आणि पीईटीची घनता जवळपास सारखी, दोन्ही बुडतात, टाकीत वेगळी होतच नाहीत. मग पीईटी वितळायच्या तापमानाला, म्हणजे २६० अंशांच्या आसपास, ते थोडंसं पीव्हीसी जळतं, आम्ल सोडतं आणि सगळ्या लॉटमध्ये काळे-पिवळे ठिपके. पैसे दिलेत पूर्ण वजनाचे, त्यातला हा रिजेक्ट माल, धुतलेलं घाण पाणी, गाळ सगळं घेणाऱ्या देशात राहतं आणि त्याचा हिशोब ना पाठवणाऱ्याच्या इन्व्हॉइसमध्ये ना घेणाऱ्याच्या. रद्दीतही तेच, ओलावा असला की काट्यावर पाण्याचेच पैसे मोजायचे, त्यावरून होणारी भांडणं तर विचारूच नका.

पण प्लास्टिक-रद्दी परवडली, बॅटऱ्यांपुढे. गाडीच्या जुन्या शिसं-आम्लाच्या बॅटरीत निम्म्याहून जास्त वजन शिशाचं, त्यामुळे तिला कायम गिऱ्हाईक. आणि इथे उलटंच होतं: जो भट्टीवाला आम्ल जमिनीत ओततो, फिल्टर बसवत नाही, त्याचा खर्च कमी, म्हणून तोच जास्त भाव देऊ शकतो, म्हणून बॅटरी सीमा ओलांडून त्याच्याकडेच जाते. नीट काम करणारा कारखाना मालाविना बसतो. सेनेगलमध्ये डाकारजवळ थियारॉय-सूर-मेर इथे काय झालं ते वाचा. बॅटऱ्या फोडून फोडून तिथल्या वाळूतच शिसं मुरलेलं होतं, शिशाचा भाव चढल्यावर लोक ती वाळू चाळून शिसं विकायला लागले, पोती घरात आणली, आणि नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ लहान मुलं गेली. मुलांच्या रक्ततपासण्या झाल्या तेव्हा शिशाचं उघडकीला आलं.

यावर उपाय म्हणून निर्यातबंदी असं लगेच सुचतं लोकांना. आफ्रिकेत लोखंडाच्या भंगारावर ती बऱ्याच ठिकाणी आहे. केनियानं तर जानेवारी २०२२ मध्ये देशभर वीज गेल्यावर, विजेच्या टॉवरचे भाग चोरीला जातात म्हणून, भंगाराचा धंदाच थांबवला होता, निर्यातही आणि आतली खरेदीही, काही महिन्यांनी ही बंदी उठवली. निर्यात बंद केली की देशातल्या भट्टीला भंगार स्वस्त मिळतं हे खरं, पण स्वस्त मिळतं म्हणजे वेचणाऱ्याला कमी मिळतं, हे कुणी बोलत नाही. आणि सीमा जर अशी असेल की सायकलवरून पलीकडे जाता येतं, तर माल जातोच, फक्त नोंदीशिवाय जातो. म्हणूनच एका देशाचे निर्यातीचे आकडे आणि शेजाऱ्याचे आयातीचे आकडे समोरासमोर ठेवले तर जुळत नाहीत.

आफ्रिकेनं एक गोष्ट मला वाटतं शहाणपणाची केली. १९८८ मध्ये नायजेरियातल्या कोको बंदरात इटलीतून आलेला विषारी कचरा सापडला, त्यानंतर १९९१ मध्ये बामाको करार झाला. त्यात आफ्रिकेबाहेरून घातक कचरा आणायला बंदी, पण आफ्रिकेतल्याच सदस्य देशांमध्ये आधी संमती घेऊन पाठवायला वाट ठेवली. म्हणजे ज्या देशाकडे बॅटऱ्या गाळायची नीट भट्टी नाही, त्याला शेजाऱ्याची चांगली भट्टी वापरता यावी. कागदावर तरी.

राहिला परवानगीचा प्रश्न. मूळ नियम बाझल कराराचा, म्हणजे कचरा देशाच्या सीमेपलीकडे नेण्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, १९८९ चा, १९९२ पासून लागू. प्लास्टिकची दुरुस्ती १ जानेवारी २०२१ पासून आहे. एकाच प्रकारचं, स्वच्छ, रिसायकलिंगला निघालेलं पीईटी असेल तर ते करारातल्या बी-३०११ या नोंदीत बसतं, बाझलखाली पूर्वसंमती लागत नाही. भेसळ असली, किंवा पीव्हीसी असलं, की वाय-४८ ही दुसरी नोंद लागते, मग घेणाऱ्या देशाची लेखी संमती आधी, आणि मधल्या देशातून जायचं असेल तर त्याचीही, त्याला उत्तर द्यायला ६० दिवस असतात. भूवेष्टित देशाचा माल यातच अडकून पडतो, गठ्ठे उन्हात पडून खराब होतात. ई-कचऱ्याला तर १ जानेवारी २०२५ पासून घातक असो वा नसो, संमती लागतेच. गंमत म्हणजे 'स्वच्छ' म्हणजे किती टक्के हे करारात आकड्यात दिलेलंच नाही, ज्यानं त्यानं ठरवायचं, त्यामुळे एका बाजूला साधा माल असलेला ट्रक दुसऱ्या बाजूच्या नाक्यावर वाय-४८ ठरू शकतो.

आणि बाझल ही झाली किमान पातळी, त्यावर घेणाऱ्या देशाचा स्वतःचा कायदा असतो. भारतानं मार्च २०१९ मध्ये घन प्लास्टिक कचऱ्याच्या आयातीवर सरसकट बंदी घातली, एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्रं) आणि निर्यातप्रधान युनिटांनाही. लांबून येणारा कंटेनर असो की शेजारून येणारा ट्रक, नियम एकच. त्यामुळे तुम्हाला खरंच हा धंदा करायचा असेल तर बाटल्यांचे गठ्ठे सीमेपलीकडे न्यायचा विचार सोडा, तिकडेच धुऊन, वितळवून दाणा करता येतो का ते बघा. दाणा कस्टमच्या ३९१५ या प्लास्टिक वेस्टच्या शीर्षकात येत नाही, प्लास्टिकचा कच्चा माल म्हणून जातो. फक्त अर्धवट चुरा केलेल्या फ्लेक्सच्या बाबतीत अधिकारी अडवू शकतात, तेव्हा माल भरायच्या आधी घेणाऱ्या बाजूच्या कस्टम एजंटकडून वर्गीकरण लेखी घ्या, तोंडी नको.