बीपीची गोळी बंद करून सर्पगंधाचा अर्क सुरू केला तर चालेल का?

वडिलांसाठी विचारताय म्हणून स्पष्ट सांगतो, नाही चालणार. आमच्या घरात हे करून झालंय.

मालवणजवळच्या आमच्या गावी काकांनी अण्णांना सर्पगंधाच्या मुळांची पूड आणून दिली. "गोळयो कित्याक गिळतंस? ह्या आपल्या रानातला औषध." कडूजहर पूड. अण्णा ती चहाच्या चमच्याने पाण्यातून घ्यायचे, चमचा कधी सपाट, कधी शीग लावून. गोळ्यांचं पाकीट देवळीत तसंच पडून.

बीपी उतरलं, हे मान्य. काका गावभर सांगत सुटले. पण अण्णांचं नाक चोंदलं ते सुटेना, आणि हळूहळू बोलणंच आटलं. भजनाला जाणं बंद, कलमांकडे फेरी बंद, नुसते पडवीत बसून पावसाकडे बघायचे. आम्ही म्हटलं, वय झालं. गणपतीत आरतीलाही उठले नाहीत तेव्हा मी त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. नाडी ४६. पुडीचं नाव ऐकल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे उदास कधीपासून आहेत?"

सर्पगंधातलं रेसर्पिन मेंदूतले आणि नसांच्या टोकांतले नॉरअॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचे साठे रिकामे करतं. बीपी त्यानेच उतरतं, आणि माणूस खचू शकतो तोही त्यानेच.

काका आजही म्हणतात, गोळ्यावाल्यांनी आपलं औषध दडपलं. साफ चूक. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी याच मुळीचे रुग्णांवरचे अनुभव १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. १९५२ साली मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि त्याची गोळी जगभर गेली. तिचा रोजचा डोस साधारण पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. काका, पाव मिलिग्रॅम! तुमच्या चमच्यात किती होतं, ते तुम्ही आजवर सांगितलेलं नाही. मुळीत ताकद आहे म्हणूनच माप लागतं, एवढंच मी तेव्हाही म्हणत होतो.

बाकी लसणाने बीपी थोडंफार उतरतं, पण गोळीची जागा तो घेत नाही. अर्क आधीच सुरू असेल तर मनाने काही तोडू नका, बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. डॉक्टर वैद्यच असतील तरी हरकत नाही, फक्त त्यांनी नाडी आणि बीपी मोजलं पाहिजे, आणि चालू गोळ्या त्यांना माहीत हव्यात. आणि घरात सुका बांगडा, लोणचं किती चालतं ते बघा. बीपीवर म्हणून कोकमाचं आगळ पाजत असाल तर तेही थांबवा, ते मिठातच टिकवलेलं असतं.