१०६४ च्या लेझरने झेडजीपी क्रिस्टल चालेल का?

तू म्हणतोयस पुण्यातल्या कॉलेजच्या लॅबमध्ये १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर आहे, त्यावर झेडजीपी म्हणजे झिंक जर्मेनियम फॉस्फाइड हा वेव्हलेंग्थ बदलणारा क्रिस्टल लावून साडेतीन मायक्रॉन वेव्हलेंग्थचा प्रकाश काढायचाय, तर नको रे, तो क्रिस्टल १ मायक्रॉनच्या आसपास बराच प्रकाश स्वतःच शोषतो, नुसता तापेल. त्याला २ मायक्रॉनच्या पुढचा पंप, म्हणजे क्रिस्टलमध्ये सोडायचा मूळ लेझर लागतो, होल्मियम-याग वगैरे, मग मात्र त्याच्यासारखा क्रिस्टल नाही, उष्णतापण छान वाहून नेतो.

तुझ्यासाठी पीपीएलएन (ठरावीक अंतराने ध्रुव उलटवलेला लिथियम नायोबेट क्रिस्टल) बेस्ट, साधारण ४ मायक्रॉनपर्यंत मजेत जातो, आणि क्रिस्टल ठेवायच्या ओव्हनचं तापमान बदललं की वेव्हलेंग्थ सरकते. सिल्व्हर गॅलियम सल्फाइड १०६४ वर चालतो खरा, पण लवकर जळतो. आणि हो, पावसाळ्यात आपल्याकडे हवा दमट, क्रिस्टलच्या कोटिंगवर बाष्प धरू देऊ नकोस.