विशारदचा फॉर्म थांबेल, काळी पाच थांबणार नाही

पत्र: ताई, माझं वय ५४. ऐरोलीत राहतो, रबाळ्याला कंपनीत आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी पेटी शिकायला लागलो आणि गेल्या वर्षी गांधर्वची मध्यमा पूर्ण ही संगीताची परीक्षा पास झालो, तीही प्रथम श्रेणीत. आमच्या सोसायटीत दर गुरुवारी दत्ताचं भजन असतं. मागच्या महिन्यात नेहमीचे पेटीवाले गावाला गेले म्हणून मला बसवलं. पहिले दोन अभंग निभावले. मग एका काकूंनी थेट काळी पाचमध्ये, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून, सुरुवात केली आणि मला काही सुचेना. शेवटी आठवीतल्या एका मुलाने की-बोर्डवर सा सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण दाबून वेळ मारून नेली. तेव्हापासून पेटी उघडलेली नाही. बायको म्हणते, हौस झाली, आता पुरे. दुकानदार म्हणतो, स्केल चेंजर पेटी घ्या. सर म्हणतात, पुढच्या विशारद परीक्षेचा फॉर्म भरा. सात वर्षांत मी नेमकं काय शिकलो? – बेसूर, ऐरोली

दादा, आधी ती सही बदला. बेसूर माणसाला काकू काळी पाचमध्ये गातायत हे कळलंच नसतं. त्याने आपली काळी एक रेटली असती आणि वर 'काकू चढ्या गायल्या' म्हणून घरी गेला असता. तुम्ही भर भजनात, टाळांच्या गजरात, गाण्याची पट्टी, म्हणजे सा कुठला ते, ओळखलीत. सत्तेचाळिसाव्या वर्षी हे जमलं असतं का? आठवून बघा. कान तयार झालाय. अडलं ते हाताचं.

आणि हाताचं का अडलं, तेही सांगते. तुमचा सगळा रियाज काळी एकमध्ये झालेला असणार, पत्रावरून तसंच दिसतंय. काळी एकला सा धरला की सात शुद्ध स्वरांपैकी पाच काळ्या पट्ट्यांवर येतात, ग आणि नी तेवढे पांढऱ्यांवर. काळी पाचला सगळं उलटं. सा आणि म काळ्यांवर, बाकीचे पाचही पांढऱ्यांवर. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आपला हात मिठाच्या डब्यासाठी आपल्या घरच्या फळीकडे जातो ना, तसं झालं तुमचं. यात सात वर्षं वाया कुठे गेली? परीक्षेने तुम्हाला जे विचारलं त्याची तयारी तुम्ही केलीत. दुसऱ्याच्या गळ्यामागे जायला परीक्षेत कुणी सांगितलं नव्हतं, भजनात सांगितलं.

आता सरांच्या विरुद्ध बोलते, त्यांनी राग मानू नये. येत्या सत्राला विशारदचा फॉर्म भरू नका. परीक्षा काही पळून जात नाही. गांधर्व महाविद्यालय पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला काढलं, त्या परंपरेतल्या मंडळाच्या परीक्षा आजही चालू आहेत, तुमच्यासाठी वर्षभर नक्की थांबतील. पण आत्ता फॉर्म भरलात, तर आणखी राग, आणखी ताल, आणखी पाठांतर होईल, आणि सगळं पुन्हा काळी एकमध्ये. प्रमाणपत्र भिंतीवर आणि काकूंसमोर घाम, हे चित्र तसंच राहील.

स्केल चेंजरही आत्ता नको. वाद्य वाईट नाही, मोठमोठे साथीदार वापरतात. पट्ट्यांची फळी सरकवली की बोटं तीच ठेवून सा बदलतो. पण तुमच्या बोटांना जी सोय हवीय, तीच आज तुमची अडचण आहे. शिवाय ते धूड तिसऱ्या मजल्यावरून सोसायटीच्या मंडपात कोण उतरवणार? त्या पोराच्या बटणावर मात्र रुसू नका. त्याने भजन सावरलं, त्याला एकदा शाबासकी द्या.

मग करायचं काय? पुढचे सहा महिने नवीन काहीही शिकू नका. रोज बसलात की आधी नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवा, पांढरीला बोट लावायचं नाही. काळी तीनला सा धरा, त्याच पाच पट्ट्यांतून भूप राग निघेल. सा काळी एकवर न्या, दुर्गा. काळी दोनवर धानी. काळी पाचवर नेलात तर चक्क मालकंस. पट्ट्या त्याच पाच, फक्त सा हलला. मूर्च्छनेची ही गंमत तुम्ही पुस्तकात वाचली असेलच, पण बोटांना ती सांगितलीत का? प्रत्येक वेळी वाजवण्याआधी सा तोंडाने लावा आणि सरगम मोठ्याने म्हणा. हात मग पट्टीचा रंग सोडून स्वराच्या मागे जायला लागतो.

त्यानंतर एकच अभंग, तुम्हाला झोपेत येतो तो. आधी काळी पाचमध्ये, मग काळी चार, मग पांढरी दोन, आणि काळी एक सगळ्यात शेवटी. मी स्वतः पेटीवर बसत नाही, पण भजनात गाते, म्हणून सांगते: बायकांचे गळे बहुधा काळी चार-पाचलाच जातात. तुमच्या मंडळात बायका जास्त असतील तर काळी एक ही तुमच्या घरचीच पट्टी राहणार.

महिन्यातून एकदा तोच अभंग फोनवर रेकॉर्ड करा आणि महिना संपेपर्यंत ऐकू नका. लगेच ऐकलं की चुकाच ऐकू येतात. सात वर्षांपूर्वीचं एखादं रेकॉर्डिंग असेल, तर तेही एकदा काढा. हसू येईल, येऊ द्या.

आणि मैफली ऐकायला जाता तेव्हा बसायची जागा बदला. ठाणे महापालिकेचा पं. राम मराठे स्मृती संगीत महोत्सव तुमच्यापासून लांब नाही. तिथे गायकाच्या चेहऱ्यासमोर बसू नका, पेटीवाल्याचा हात दिसेल अशा बाजूला बसा. तो किती कमी वाजवतो ते बघा. गायक ताना घेत असताना बऱ्याचदा नुसता एखादा स्वर धरून बसलेला असतो. तुम्हीही पुन्हा हरवलात तर तेच करायचं. काकू काळी पाचमध्ये असतील तर ती काळी पाच आणि वरची पांढरी चार, म्हणजे सा आणि प, भाता मंद ठेवून धरून बसा. लोकांना साथ वाटते आणि तुम्हाला श्वास मिळतो.

एका गुरुवारने पेटी बंद केलीत म्हणून एक आठवण करून देते. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत हलली नाही. तेवढ्या वर्षांत पेटीवाल्यांनी पेट्या माळ्यावर टाकल्या नाहीत.

वहिनींचं म्हणणं मला निम्मं पटतं. परीक्षेच्या आधी तीच बंदिश रोज रात्री दहाला ऐकून कुणीही 'पुरे' म्हणेल. सकाळी वाजवा, आवाज कमी राहायला एकच स्टॉपर (पेटीच्या पुढची खुंटी) उघडा. आणि काळी पाचचा अभंग बसत आला की वहिनींना गायला बसवा. नाही म्हणतील, दोनदा विचारा.

येत्या गुरुवारी आरतीआधी काकूंकडे जा आणि विचारा, आज काय म्हणणार, कुठल्या पट्टीत. त्या म्हणतील, पट्टीबिट्टी मला काय माहीत. मग त्यांना पहिली ओळ गुणगुणायला सांगा आणि तेवढ्यात सा शोधून ठेवा.