शृंगी घुबड पाहायचंय?

भाऊ, रात्री टॉर्च घेऊन रानभर हिंडू नका. दिवसा नाल्याच्या उभ्या दरडीखाली बघा. घुबडानं ओकलेल्या, उंदरांची हाडं अन् केस असलेल्या करड्या गोळ्या, वर कपारीला पांढरी शीट, की जागा पक्की. हे घुबड घरटं बांधत नाही, कपारीत मातीवरच अंडी घालतं. म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल दुर्बिणीनं लांबूनच बघा. मादी उठली की अंडी उघडी पडतात. डोक्यावरच्या शिंगांवर, म्हणजे पिसांच्या तुऱ्यांवर, जाऊ नका, मासेखाऊ घुबडालाही असतात. पाय बघा: पिसांनी झाकलेले असले तर शृंगी, उघडे असले तर मासेखाऊ. अन् जागा कोणाला सांगू नका, दिवाळीच्या तोंडावर तर मुळीच नाही. अंधश्रद्धेपायी धरून नेतात. धुऱ्यावरचे उंदीर, घुशी तेच खातं, हे शेतकऱ्याला मात्र जरूर सांगा.